इमानात बांधलेली झोळी

मला सही सोडून काही लिहिता येत न्हाई. सहीबी अशी की बँकेतल्या बाईनं एकदा इचारलं, बाबा, हे चित्र कशाचं हाय? तवा हे मी बोलून राहिलो आन् माझी सून लिहून राहिली. तिला सांगून ठेवलंय, सुधारून लिहू नको. माझी जी इज्जत जायाची ती पुरी जाऊ दे.

धंदा माझा दोराचा. दावी, कासरे, बैलाच्या मुसक्या, शिंकी. मुखेडच्या बाजारात पाल टाकून बसायचो. माल कमी आन् बडबड जास्ती. लोकं दोर घ्यायला यायचे तसं माझं ऐकायलाबी यायचे. ऐकून हसायचे, आन् दोर शेजारच्याकडून घेऊन जायचे, कारण त्याचा स्वस्त होता.

पण गाठ माझी. आमच्या घरातली ती गाठ लई खुबीची हाय. जनावरानं कितीबी हिसका दिला तरी सुटत न्हाई, उलटी आवळत जाती. एक टोक आत दडवलेलं असतंय. ते हुडकून एकदा ओढलं की झालं, पाण्यावानी मोकळी. गोठ्याला आग लागली तर एका हातानं जनावर सोडता यावं म्हणून बाप-आजानं काढलेली युक्ती. बानं मला शिकवली, मी माझ्या लेकीला. ती पाच-सहा वर्षाची असताना बाजारात मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, सोडून दाखवा. मोठाले गडी घाम काढायचे. मंग ही पोरगी यायची, दोन बोटं घालायची आन् सोडून मोकळी व्हायची.

लेक शिकली. माझ्यामुळं न्हाई, माझ्या बायकोमुळं. मी तर म्हणलो होतो, सातवी झाली, लई झालं. ती पंधरावी झाली, लग्न होऊन लातूरला गेली, तिथंबी अभ्यास सोडला न्हाई. लेकरू झालं, त्याला मांडीवर घेऊन अभ्यास. एका परीक्षेत पास झाली आन् मुंबईहून मुलाखतीचा कागद आला.

ते साल दुष्काळाचं. जनावरं अर्धी छावणीत, अर्धी विकली गेलेली. दावं कुणाला विकावं? मी बाजारात वरडायचो, बायांनो, नवऱ्याला बांधायला घेऊन जावा. हसायच्या, घ्यायच्या न्हाईत. दुसरी बोंब होती नव्या जिल्ह्याची. पारावर रोज जिल्हा व्हायचा. नवा जिल्हा झाला की नव्या कचेऱ्या, नव्या खुर्च्या, आन् त्यातली एक आपल्या लेकीची असं मी समद्यांना सांगून ठेवलं होतं. जिल्हा अजून झाला न्हाई. पण तवा मला वाटायचं, आता एवढी मुलाखत तेवढी ऱ्हायली.

कागद आला उशिरा. रेल्वेचं तिकीट मिळंना. जावयाची कंडक्टरची नोकरी, त्याला रजा मिळंना. लेकरू दहा महिन्याचं, आईच्या अंगावर पिणारं, मागं ठेवता येईना. जावई म्हणला, नांदेडहून सकाळी इमान हाय, त्यानं जावा. संग कोण जाणार? माझी बायको जाणार होती, पण टँकरच्या गर्दीत पाय घसरून पडली आन् हाताला पलस्तर बसलं. मंग उरलो मी. म्हणजे घरातलं समदं कामाचं माणूस संपल्यावर माझा नंबर लागला.

आदल्या रात्री नांदेडला पाव्हण्याकडं होतो. लेक मला दादा म्हणती. ती म्हणली, "दादा, तुमचं काम एकच. इमानात एक घंटा ह्याला धरायचं. मला तेवढ्यात कागद वाचून होतील. उतरलं की थेट मुलाखतच हाय."

म्हणलं, "माय, मी बैल धरले."

तिनं माझी पिशवी उघडून बघितली. त्यात तिच्या आईचं जुनं लुगडं होतं. म्हणली, हे कशाला? आता लेकरू झोळीबिगर झोपत न्हाई हे तिलाबी ठावं, मलाबी. मी रेल्वेत झोळी बांधलेली, एसटीत बांधलेली, एकदा ट्रकात बांधलेली. पण ती म्हणली, इमानात असलं काही चालत न्हाई, लुगडं हितंच ठेवा. हाव म्हणलं. सकाळी ती आंघोळीला गेली आन् मी लुगडं पोटाला गुंडाळलं, वरून सदरा घातला. तपासणीच्या ठिकाणी पोलिसानं पोट चाचपलं. म्हणलं, साहेब, थंडी वाजती. त्यानं काढायला लावलं, बघितलं, लुगडंच हाय म्हणल्यावर परत दिलं. लेक बायांच्या तपासणीला पलीकडं होती, तिला दिसलं न्हाई. मला वाटलं, लई हुशारी केली.

आता ते लेकरू. जमिनीवर असतानाच ते एका जागी बसायचं न्हाई, त्याला आभाळात नेलं. खिडकीकडं लेक बसली, वाटंकडं मी, मांडीवर हे. बारकासा पट्टा दिला त्याला, माझ्या पट्ट्यात ओवायचा. त्यानं आधी तो पट्टा चावून बघितला. मंग पुढच्या शीटाच्या पाठीला फळी असती ती उघडली. मिटली. उघडली. पुढं पांढऱ्या शर्टाचा एक साहेब होता, त्याच्या पाठीला दर खेपंला धक्का. त्यानं वळून बघितलं. मी हसलो. लेकरानं त्याचा चष्मा वढला.

डोक्यावर एक बटन असतंय, ते दाबलं की इमानातली बाई येती. हे मला न्हाई, लेकराला आधी कळलं. त्याला उभं धरलं की ते बटन दाबायचं. बाई यायची, "जी सर?" मी म्हणायचो, कुच नै. ती गेली की पुन्ना टिंग. चौथ्या खेपंला तिनं हसायचं सोडलं.

इमान वर चढलं तसे लेकराचे कान दुखले असावेत. असं रडलं की समद्या माना आमच्याकडं. लेकीनं कागद बाजूला ठेवून त्याला जवळ घेतलं, पाजलं, आन् पाजून होतंय न होतंय तोवर त्यानं समदं दूध तिच्या साडीवर काढलं. मुलाखतीची साडी. इस्त्री मोडू नये म्हणून इमानतळापोतर जीपमदी ती उभ्यावानीच बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, लेकरू माझ्या हातात दिलं आन् साडी धुवायला मागं संडासात गेली.

आता मी आन् ते. ते वाकडं झालं, ताठ झालं, निळं झालं. मागून कुणी च्च केलं. पांढरा शर्ट शेजारणीला म्हणला, लहान लेकरं घेऊन लोकं कामून येतात की. त्यानं हळू म्हणलं, पण मला ऐकू यायसारखं हळू. मला लई शरम वाटली. आयुष्यभर माणसं माझ्याकडं बघून हसली, मला चाललं. पण हितं कुणी हसंना, नुस्ते बघत होते. ते मला सोसंना.

मी सदऱ्याखालून लुगडं काढलं. पलीकडच्या बाईला म्हणलं, ताई, जरा हात उचला. तिनं उचलला, कशाला ते तिला कळलं न्हाई. एक टोक तिच्या शीटाच्या हाताला बांधलं, एक माझ्या. मधल्या वाटंत झोळी. खाली जमिनीपासून वीतभर. पोरगं आत टाकलं आन् दोन झोके दिले.

ते गप झालं.

इमानात अशी शांतता झाली की मला मशिनीचा आवाज तवा पहिल्यांदा ऐकू आला. मंग एक जण हसला. दुसरा हसला. पांढरा शर्ट उठून बघायला लागला आन् म्हणला, "अरे वा, कुणाची आयडिया ही?" समदे हसून राहिले. माझी छाती फुगली. तोंड उघडलंच होतं मी, की माझी म्हणून.

तेवढ्यात खाण्याची गाडी ढकलत ती इमानातली बाई आली. झोळी बघून तिचं तोंड उतरलं. गाडी तिथंच सोडून धावत आली, लेकरू उचललं, पलीकडच्या बाईच्या हातात दिलं. ती म्हणली, "ये किसने बाँधा? पता है, बच्चे को कुछ हो जाता तो? मुझे लिखकर देना पड़ेगा."

लिहून देणार म्हणल्यावर माझं पाणी झालं. मुखेडच्या चहाच्या हॉटेलात मला लोकांनी सांगितलं होतं, इमानात काही केलं की उतरल्यावर पोलिसाच्या ताब्यात देतात आन् पुन्ना घर दिसत न्हाई. तिथं मी हसलो होतो. हितं ते समदं खरं वाटलं.

मी म्हणलो, "इसकी माँ ने बांध्या जी. मैं तो खाली बैठ्या हूं."

पांढरा शर्ट हसला. तो हसला तसा मला धीर आला. बाजाराची सवय वाईट असती, एक हसला की दुसरं तोंडात तयार. मी समद्यांना ऐकू जाईल असं म्हणलो, "आजकालच्या शिकल्या पोरी, साहेब. पुस्तकं लई वाचतात, पण पोराला कुठं बांधावं ते कळत न्हाई."

लई हसले. मागच्या शीटापोतर हसले.

आन् माझी लेक वाटंत उभी होती. साडीचा पुढचा भाग ओला, केस कपाळाला चिकटलेले. किती ऐकलं मला ठावं न्हाई. समदंच ऐकलं असावं, कारण मी बाजारातल्या आवाजात बोललो होतो.

इमानातली बाई तिच्याकडं वळली आन् इंग्रजीत बोलायला लागली. मला नुस्तं मॅडम, मॅडम कळत होतं. लेकीनं झोळी बघितली. मंग गाठ बघितली. मंग माझ्याकडं बघितलं. त्या इमानात ती गाठ मारता येणारे दोघंच होते, एक मी आन् एक ती. तिला इचारायची गरज न्हवती.

ती बाई गाठ सोडायला लागली. जशी ओढावी तशी ती आवळली. दुसरी एक बाई आली, तिनं नखं घातली. गाडी अडलेली, लोकं मान वर करून बघतात. मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. माझ्या बोटांना ती गाठ ठावं. पण मी हात लावला तर कुणी बांधली ते कळलं असतं. तवा मी हात दाबून बसलो. हात माझे, पण त्या वक्ताला मला ते कुणाचे तरी उसने आणल्यावानी वाटले.

माझी लेक खाली वाकली, ओल्या साडीत, त्या वाटंत. दोन बोटं घातली, टोक हुडकलं, वढलं. सुटली. पलीकडची गाठ, तीबी सुटली.

इमानातली बाई म्हणली, "देखा, आप ही ने बाँधा था ना."

पांढरा शर्ट म्हणला, आजोबा खरंच बोलत होते की.

लेक म्हणली, "सॉरी." एवढंच. लुगड्याची घडी केली, लेकरू घेतलं आन् खिडकीकडं जाऊन बसली. पांढरा शर्ट माझ्याकडं बघून हसला आन् मीबी हसलो. ते हसलो त्याची मला सगळ्यात जास्ती शरम हाय. खोटं बोललो ते भेवानं बोललो म्हणता येईल. हसायला कुणी जबरदस्ती केली न्हवती.

तिनं ते कागद पुन्ना उघडले न्हाईत. लेकरू तिच्या अंगावर चढत होतं, खिडकीवर थापा मारत होतं. ती बाहेर बघत होती.

मुंबईत उतरल्यावर पोलीस आला न्हाई. कुणी काही लिहून घेतलं न्हाई. त्या इमानातल्या बाईनं दारात हात जोडले आन् लेकराच्या गालाला हात लावला. म्हणजे ज्याच्यासाठी मी लेक इकली, ते संकट आलंच न्हाई.

टॅक्सीनं मुलाखतीच्या कचेरीला गेलो. त्या कचेरीच्या पायऱ्यावर मला वाटलं, आता सांगावं, माय, चुकलो. पण मला असं सरळ बोलायची सवयच न्हाई. मी तोंड उघडलं आन् त्यातून चुटका निघाला, पांढऱ्या शर्टाच्या चष्म्याचा. अर्धाच झाला होता.

ती म्हणली, "दादा, आज हसवू नका."

आन् आत गेली. मी लेकरू घेऊन बाहेर बाकड्यावर. आता ते खांद्यावर पडून गाढ झोपलं. तीन घंटे झोपलं. ती आली तवाबी झोपलेलं होतं. कसं झालं, म्हणून इचारलं. बरं झालं म्हणली. परत आलो ते रेल्वेनं, बिगरतिकिटाच्या माणसावानी डब्याच्या दारापाशी बसून.

यादी लागली. तिचं नाव न्हवतं.

तिनं मला काही म्हणलं न्हाई. आईला फोनवर सांगितलं. पहिला सवाल त्यांनी इचारला, तुमच्याबद्दल थोडं सांगा. एवढा सोपा सवाल. आन् तिचं तोंड उघडंना, डोळ्यापुढं नुस्ते इमानातले हसणारे लोकं. माझ्या बायकोनं हे मला सांगितलं, पलस्तराच्या हातानं भाकरी वाढता वाढता. झोळीचंबी लेकीनं सांगितलं होतं. पण कुणी बांधली ते न्हवतं सांगितलं. बायकोला वाटलं, तिनंच. बायको माझ्यापुढं फोनवर तिला लई बोलली, एवढी शिकलीस आन् एवढी अक्कल न्हाई का, दादाच्या जिवाला किती लागलं आसंल. पलीकडून लेक काय म्हणली मला ऐकू आलं न्हाई. मी भाकरी खात होतो. ती खाऊन झाली, दुसरी मागून घेतली.

हितंच थांबलो असतो तर मी बरा माणूस. पण बाजारात लोकं इचारायचे, इमान कसं होतं? आठ दिवस गप बसलो. मंग एक दिवस गिऱ्हाईक न्हाई, ऊन लई, चार जण पालाखाली बसलेले. सांगितली गोष्ट. जशी इमानात सांगितली तशीच, तिनं बांधली म्हणून. पुस्तकं लई वाचतात, ते पण. लई हसले. दुसऱ्या बाजाराला नायगावचे लोकं ऐकायला आले. गोष्ट माझ्या आधी एसटीत बसून लातूरला गेली, तिच्या सासरी गेली, तिच्या गल्लीत गेली.

वर्षानं तिला दुसरा कागद आला. मला कळवलं न्हाई. जावयाचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला, त्यात तो बोलून गेला की ती काल रात्री मुलाखतीला गेली, उद्या सकाळी परत येती. लेकरू? शेजारणीकडं ठेवलंय म्हणला. तिची सासू गावी होती. मी म्हणलो, मला कामून सांगितलं न्हाई? जावई म्हणला, मामा, तुम्हाला तरास नको म्हणली.

मी तशीच एसटी धरली. लातूरला त्या वर्षीबी पाणी न्हाई. गल्लीत टँकर यायचा होता आन् दोन्ही बाजूला घागरी, ड्रम, रंगाचे डबे लायनीत. लेकीच्या दाराला कुलूप, जावई लांबच्या गाडीवर गेलेला. तिची पिंपं दाराबाहेर पालथी. शेजारचं दार उघडं होतं आन् माझा नातू आत पळत होता. आता ते पळायचं. मी हात पुढं केले. शेजारीण मधी आली.

ती म्हणली, ताई सांगून गेलीय, कुणी आलं तरी लेकरू द्यायचं न्हाई. तुम्ही कोण?

म्हणलं, मी ह्याचा आजा.

ती म्हणली, कोणता आजा? हिच्या सासऱ्याला वारून चार वर्षं झाली. मंग माझ्याकडं नीट बघितलं आन् तिला हसू फुटलं. म्हणली, "आसं आसं. इमानवाले का तुम्ही? पोरीनं झोळी बांधली आन् बिचाऱ्या बापाची इज्जत गेली, ते?"

लायनीतल्या बायाबी हसल्या. गोष्ट समद्यांना पाठ होती. एक म्हणली, काका, पुस्तकं लई वाचतात, ते तुमच्या तोंडून एकदा सांगा की.

तिथं एवढ्या बाया, समद्या हसायला तयार. मला ठावं होतं, तोंड उघडलं की कसं हसतील. मी म्हणलो, "तिनं न्हवती बांधली. मी बांधली. तिचं नाव मी घेतलं."

कुणी हसलं न्हाई. एकजण म्हणली, आन् पोरीनं ऐकून घेतलं? म्हणलं, हाव. ती म्हणली, आन् तिथं तिची मुलाखत गेली ना ओ? म्हणलं, हाव. मंग ती बाई लायनीत पुढं बघायला लागली. शेजारणीनं नातवाला कडेवर घेतलं आन् दार लोटून घेतलं.

टँकर आला तवा मी लेकीच्या पिंपांसाठी लायनीत उभा राहिलो. बायांनी जागा दिली. दोन पिंपं भरली. सांजच्याला शेजारणीनं दारातून भाकरी दिली, लेकरू दिलं न्हाई. मी लेकीच्या उंबऱ्याशी अंग टाकलं.

सकाळी ती रिक्षातून उतरली. मला बघून थांबली. आधी शेजारणीकडं गेली, लेकरू घेतलं. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द न्हाई. बाहेर आली तवा तिनं कुलूप काढता काढता इचारलं, माझ्याकडं न बघता.

"बायांना सांगितलं तुम्ही?"

"हाव."

"आईला?"

मी भरलेली पिंपं दाखवली. ती आत गेली. जरा वेळानं बाहेर आली, फोन माझ्या हातात दिला, नंबर लावून दिलेला. पलीकडून माझी बायको हॅलो हॅलो म्हणत होती. लेक दारात उभी, लेकरू तिच्या कडेवर माझ्या फोनाला हात घालून राहिलं होतं.

त्या दुसऱ्या खेपंला तिला नोकरी लागली. लोकं म्हणतात, बापानं पोरीला शिकवलं. मी त्यांना सांगतो, पहिली गेली त्यात माझा हात होता, दुसरीत न्हाई. त्यांना तो चुटका वाटतो. बायको हे लिहिणं ऐकून राहिली, तिला इचारा. त्या दिवशी फोनवर मी तिला समदं सांगितलं, आन् ती एवढंच म्हणली, फोन पोरीकडं द्या.